चौकटीवरचं चुन्याचं बोट

निलमने बाजेखालची पोती एकेक करून ओढून काढली आणि शेवटी आत घुसून जमीन चाचपली. वजनाच्या दोन्ही लोखंडी प्लेटा गायब होत्या. शाळेतल्या संगिता मॅडमनी त्या सरावासाठी घरी दिल्या होत्या आणि परवा हिंगोलीला वेटलिफ्टिंगची निवड चाचणी होती.

बाजेवर आजी, भिकाबाई, शेंगा फोडत बसली होती. तिने पाय तेवढे वर घेतले.

"उंदरानं नेल्या असतील," ती म्हणाली.

तरुणपणी तांड्यातली सगळ्यात उंच बाई असलेल्या भिकाबाईचं मत साऱ्या तांड्याला पाठ होतं. वाढत्या वयात लोखंड उचललं की पोरगी बसकी राहते, आणि बसक्या पोरीला कोण पसंत करणार? म्हणून महिन्याच्या महिन्याला ती नातीला दाराच्या चौकटीशी उभी करायची आणि तंबाखूच्या डबीतल्या चुन्याचं बोट तिच्या डोक्याच्या उंचीला लाकडावर उमटवायची. बोट दर खेपेला वर सरकत होतं. चौकटच खाली खचत चालली, असं त्यावर आजीचं म्हणणं होतं.

मागच्या आठवड्यात निलमची आई शिला शेळीच्या दाव्यात पाय अडकून पडली आणि मनगट मोडून बसली. कळमनुरीच्या डॉक्टरांनी प्लास्टर घालता घालता सांगितलं, की हाडं भरायची ती वाढत्या वयातच भरतात. शिकवणारं माणूस नीट असेल तर वजन उचलून ती आणखी घट्ट होतात, उंची काही खुंटत नाही. भिकाबाईने सगळं ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर, डॉक्टर सोताच केवढुसा हाय, एवढंच ती म्हणाली होती.

निलम उंबऱ्यावर बसली. तिला रडू येत होतं. घरात प्लेटा हलवणार तरी कोण? आईचा हात गळ्यात. बापाची, जगनची, कंबर धरलेली. तो साधी बादली उचलताना दहादा विचार करायचा. तेवढ्यात आजी हाताचा टेका न घेता बाजेवरून उठली आणि शेंगांचं भरलं टोपलं एका हाताने कडेला ठेवून आली. निलम बघतच राहिली.

"आजी, तू लहानपणी पाणी कुठून आणायचीस?"

"टेकाडाखालच्या हिरीवरून. डोक्यावर दोन हंडे, कमरंला घागर. तुझ्यापेक्षा ल्हान व्हते मी."

"मग तांड्यात सगळ्यांहून उंच काहून झालीस?"

भिकाबाईने पदरावरची फोलपटं झटकली. ती आत गेली. ज्वारीच्या कणगीचं झाकण वाजलं. बाहेर आली तेव्हा तिच्या दोन हातांत दोन प्लेटा होत्या.

"कणगीत निघाल्या," ती म्हणाली. "उंदरं लई माजलेत."

मग तिने चुन्याची डबी नातीच्या हातात दिली आणि पदर सावरून स्वतःच चौकटीला पाठ लावून उभी राहिली. निलमचं चुन्याचं शेवटचं बोट वयाने आखडलेल्या आजीच्या डोक्याच्या चांगलंच वर होतं. आजीला ते दिसत नव्हतं. ती हनुवटी वर करून समोर बघत होती आणि तिच्या टाचा जमिनीवरून हळूच उचलल्या गेल्या होत्या. निलमला तिची फार माया आली. तिने हात उंच केला आणि आपल्या खुणेच्याही थोडं वर चुना लावला.

भिकाबाईने वळून दोन्ही खुणा नीट न्याहाळल्या.

"चौकट बराबर हाय," ती म्हणाली. "परवा किती वाजता निघायचं?"