दोन रेघांचा खल

मित्रांनो, तुमच्या घरी खलबत्ता असेल, तर तो माझा लांबचा भाऊ समजा. तो लोखंडाचा किंवा दगडाचा, अंगाने दणकट, कितीही कुटा, तक्रार नाही. मी मात्र काचेचा, जाडजूड नळीसारखा दिसणारा आणि आता बराच जुना झालेला खल आहे. माझा बत्ताही काचेचाच. आम्ही दोघे एका प्रयोगशाळेत राहतो आणि माणसाच्या स्नायूचे तुकडे वाटतो. दचकू नका! ज्यांचे हातपाय कारण कळल्याशिवाय दुबळे होत जातात, त्यांच्या मांडीतून डॉक्टर हा तुकडा काढतात. तो असतो शेंगदाण्याएवढा, आणि आजार ओळखण्यासाठीच काढलेला असतो.

मला घडवलं विद्यापीठाच्या तळघरात बसणाऱ्या एका काच फुंकणाऱ्या काकांनी. ज्योतीवर काच फिरवताना कोणी काही विचारलं, तर ते नुसत्या भुवया उडवून उत्तर देत, कारण तोंड कामात गुंतलेलं असे. माझ्या पोटात बत्ता घालून, मधे काच घासणारी बारीक पूड टाकून ते तो फिरवत बसले, फिरवतच बसले, तेव्हा कुठे आमचं जमलं. आमच्या दोघांच्या मध्ये केस जेमतेम मावेल एवढीच जागा त्यांनी ठेवली. त्यामुळे ज्याचा बत्ता त्यालाच बसतो, शेजाऱ्याचा उसना आणून चालत नाही. ओळख राहावी म्हणून काकांनी माझ्या गळ्यावर दोन रेघा ओरखडल्या आणि बत्त्याच्या दांड्यावरही दोन. आमच्याबरोबरच घडलेल्या दुसऱ्या जोडीला तीन रेघा मिळाल्या.

आम्ही दोन्ही जोड्या ज्यांच्या हाती पडलो, त्यांना मी बाई म्हणतो. तेव्हा त्या बाई नव्हत्या, नुकतीच एम.एस्सी. झालेली एक सडपातळ मुलगी होती. खरं सांगायचं तर ती आमच्याकडे आवडीने आलीच नव्हती. तिला वनस्पतींवर संशोधन करायचं होतं, पण तिकडे जागा शिल्लक नव्हती. पहिले काही आठवडे तिचं तोंड एवढंसं झालेलं असे. मग एकदा तिने दाराबाहेरच्या बाकापाशी खाली बसलेली मुलं पाहिली. उठायचं म्हटलं की ती मुलं आधी जमिनीवर हात टेकत, मग गुडघ्यांवर, मग मांड्यांवर, आणि स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखी उभी राहत. त्यानंतर तिने वनस्पतींचं नाव काढलं नाही.

तिची आई एकदा प्रयोगशाळा बघायला आली होती. लेकीला माझ्यासमोर वाकलेलं पाहून तिने कपाळाला हात लावला.

"घरात कधी खलबत्त्याला हात लावला नाहीस, आणि इथे येऊन वाटत बसलीस होय गं?"

"आई, घरचं वाटण बिघडलं तर तू ओरडतेस. इथे बिघडलं तर कोणी ओरडत नाही, हीच तर पंचाईत आहे."

तिचं म्हणणं बरोबर होतं. तुमच्या पेशींत एन्झाइम नावाची प्रथिनं असतात, शरीरातली सगळी कामं करणारे कामगारच म्हणा ना. यातलं एखादं जन्मतःच नसेल, तर स्नायूंना ताकद मिळत नाही. ते आहे की नाही, हे पाहायचं तर पेशी फोडून त्याला बाहेर काढावं लागतं. काही एन्झाइमं तर पेशीच्या अगदी आत दडून बसतात. त्यांच्यासाठी मला बर्फात उभं करायचं, बत्ता सावकाश दाबत खाली न्यायचा आणि तितकाच सावकाश वर आणायचा. घाई केली की काच तापते आणि एन्झाइम मरतं. जोरात उपसलं की फेस येतो आणि तरी मरतं. फार नाजूक प्रकरण! पण बाईंचा हात असा बसला, की डोळे मिटूनही त्यांना कळे, तुकडा किती वाटला गेलाय ते.

वर्षं गेली. त्या मुलीच्या डॉक्टरबाई झाल्या, डॉक्टरबाईंच्या प्राध्यापक. त्यांचे निबंध परत आले, पुन्हा लिहिले गेले, छापले गेले. दूरदूरचे लोक त्यांचं काम बघायला येत, आणि बाई त्यांच्यासमोर मला उचलून म्हणत, "हे माझे सगळ्यात जुने सहकारी. अजून एकदाही रजा मागितली नाही." मी तेव्हा अगदी फुगून जात असे. काचेला फुगता येत नाही, तरी.

पुढे बाईंच्या मागे बैठका लागल्या. लिहून लिहून आणि आम्हाला दाबून दाबून त्यांचं मनगट कामातून गेलं. वाटायचं काम त्यांच्या हाताखालच्या एका संशोधकाकडे आलं. माणूस हुशार, मनाने चांगला, पण चालतानाही धावणारा. सगळे त्याला घाईसाहेब म्हणत. तो तसा काळजीपूर्वक काम करी, पण धुणं म्हणजे त्याला शिक्षा वाटे. दोन्ही खल, दोन्ही बत्ते एकाच भांड्यात बुडवायचे, खळखळून काढायचे आणि हाती लागेल तसे वाळत ठेवायचे. आमच्या रेघा तोवर इतक्या झिजल्या होत्या, की उजेडात तिरपं धरल्याशिवाय दिसत नसत. बत्त्यांच्या जोड्या असतात, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

अशात एका बसचालकाच्या मुलीचा तुकडा आला. मुलगी सहा वर्षांची. खेळता खेळता मधेच खाली बसायची, आणि आता जिनाही चढेना. डॉक्टरांना एका आजाराचा संशय होता. त्यात एक एन्झाइम मुळीच नसतं, आणि तसं ठरलं तर पोर काही वर्षांत अंथरुणाला खिळणार, औषध नाही. घाईसाहेबांनी रीतीप्रमाणे आधी एका निरोगी माणसाचा तुकडा माझ्यात वाटला. तो व्यवस्थित झाला. मग धुणं झालं, आणि मुलीच्या तुकड्यासाठी माझ्या पोटात आला तो तीन रेघांचा बत्ता. तो सैल होता. वरवर फिरला आणि निघून गेला, पेशी नीट फुटल्याच नाहीत. मित्रांनो, मला कळत होतं हो! पण काचेला जीभ कुठली? माझा बत्ता तिकडे शेजारच्या खलापाशी आरामात पडला होता.

निरोगी तुकड्यात एन्झाइम भरपूर निघालं. मुलीच्या तुकड्यात जवळजवळ काहीच नाही. संशय खरा ठरला, असंच सगळ्यांना वाटलं. बाईंनी सही केली आणि मुलीच्या बापाला बोलावून घेतलं. तो खाकी कपड्यांतच आला, दाराबाहेरच्या बाकावर टेकला. दार उघडं होतं, त्यामुळे त्याची टोपी मांडीवर गोल गोल फिरताना मला दिसत होती.

बाई निघाल्या, पण दारापर्यंत जाऊन थांबल्या. अशा बातम्या त्यांनी अनेकदा दिल्या होत्या, तरी त्यांचा पाय उचलेना. हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून त्या टेबलापाशी आल्या. मी धुऊन ठेवलेला होतो, आत थोडं पाणी होतं. त्यांनी सवयीने बत्ता आत सोडला.

तो सुर्रकन तळाशी गेला.

बाईंनी तो पुन्हा वर घेतला, पुन्हा सोडला. मग खिडकीशी जाऊन आम्हाला तिरपं धरलं. दांड्यावर तीन रेघा होत्या.

"हा बत्ता याचा नाही," त्या म्हणाल्या. "मुलीचा तुकडा यानेच वाटलास?"

घाईसाहेब गडबडला. "बत्ते... वेगवेगळे असतात?"

"असतात. आणि हे तुला मी सांगायला हवं होतं. तुकडा उरलाय का?"

फ्रीझरमध्ये थोडा उरला होता, तांदळाच्या दाण्याएवढा. तो वाया गेला, तर मुलीची मांडी पुन्हा कापावी लागणार होती. घाईसाहेबाने हात मागे घेतले. "मॅडम, तुम्हीच करा. पुन्हा माझ्याकडून चूक नको."

"माझं मनगट मधेच थांबलं, तर तुकडा गेला. तू कर. मी बर्फ धरते."

बाई बाहेर गेल्या आणि बापाला म्हणाल्या, "थोडं थांबावं लागेल. एक गोष्ट पुन्हा बघायची आहे."

तो उभा राहिला. "वाईट आहे का, मॅडम? तसं असेल तर सांगून टाका. मी आयुष्यभर बस चालवली. पुढचा रस्ता बंद असेल तर बंद म्हणा, मी गाडी वळवीन. फक्त नीट बघून सांगा."

"नीट बघायलाच चाललेय," बाई म्हणाल्या.

मग माझा स्वतःचा बत्ता माझ्याकडे आला. बाईंनी मला बर्फात दोन्ही हातांनी धरलं, आणि घाईसाहेब पहिल्यांदा खरंच हळू झाला. "दाब. लागतंय हाताला? तो अडतोय ना? तसंच अडायला हवं. आता वर, सावकाश. फेस नको." त्या छोट्याशा तुकड्याचा कण न्‌ कण माझ्यात विरघळेपर्यंत दोघं थांबले नाहीत. बाईंची बोटं बर्फाने लाल झाली होती, पण त्यांनी ती काढली नाहीत.

दुपार टळली तेव्हा आकडे आले. एन्झाइम होतं. निरोगी माणसाइतकंच होतं. घाईसाहेब मटकन खुर्चीत बसला आणि त्याने चेहरा झाकून घेतला. बाईंनी आपली सही असलेला कागद फाडला आणि बाहेर गेल्या.

"तो आजार नाही," त्या बापाला म्हणाल्या.

"मग काय झालंय तिला?"

"ते अजून माहीत नाही. शोधायला वेळ लागेल. पण काय झालेलं नाही, ते आज कळलं."

बापाने टोपी तोंडावर धरली आणि तो रडला. रडून झाल्यावर म्हणाला, "आजच्या दिवसाला एवढं पुष्कळ झालं, मॅडम."

पुढे दुसऱ्या तपासण्यांत मुलीच्या अशक्तपणाचं कारण सापडलं. ते उपचार होण्यासारखं होतं. ती दमते, थांबते, पण जिना चढते.

आता बाई निवृत्त झाल्या आहेत. तुकडे वाटायला पोलादी गोळ्यांचं एक यंत्र आलंय, ते एका वेळी डझनभर नळ्या हलवतं आणि गुरगुरतं फार. आम्ही दोघं फळीवर असतो, धूळ खात, पण एकत्र. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. मी काच आहे, कधीतरी फुटेनच. माझी काळजी घ्या, असं मी म्हणणार नाही. मित्रांनो, तुमच्यातलं कोणी मोठं होऊन असलं काम करील. एक दिवस बाहेर बाकावर कोणाचा तरी बाप बसलेला असेल, आणि तुमच्या हातात त्याच्या लेकराबद्दलची वाईट बातमी असेल. तेव्हा दारातून एकदा माघारी या. ज्या भांड्यांनी तो आकडा दिला ती टेबलावरच असतील, त्यांना हातात घेऊन बघा. तेवढा वेळ बाहेरचा माणूस थांबेल.