हळूबाईचा सामना

डब्याची खिट्टी खट्‌कन लागली आणि घरातली शांतता संपली. जेवणाचा डबा हातात धरून तिने श्वास रोखला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. आतल्या खोलीतून लेक ओरडली, "आई, माझी लाल रिबीन!" पाठोपाठ सासूबाई, "अगं, माझा चष्मा कुठे ठेवलास?" आणि मोरीतून नवरा, "टॉवेल!" तिघांना एकमेकांमुळे ऐकू येईना, म्हणून तिघांनीही आवाज चढवला.

लेकीला घरात टिटवी म्हणत. हळू बोलणं तिच्या गावीच नव्हतं. आज मोठ्या मैदानावर अंतिम सामना होता आणि त्याआधी शाळेच्या मुलांचा नाच. टिटवी पहिल्या रांगेत.

"तू बघणार ना?" रिबीन बांधून घेताना तिने विचारलं.

"मी तिथेच असेन गं, प्रेक्षकांच्या पायऱ्यांखालच्या खोलीत. आजी मला फोनवर दाखवणार आहे."

"लागला तर!" सासूबाई म्हणाल्या. "मागच्या वेळी तुमच्या कंपनीचा फोन असा काही लागला, की चार रांगा पलीकडे बसलेल्या माझ्या बहिणीला मी शेवटी शेंगांची पुडी फेकून मारली, तेव्हा तिने मागे वळून बघितलं."

ती हसली. मग डबा पिशवीत टाकून कामाला निघाली.

मोबाइल कंपनीत नेटवर्क सांभाळणं हे तिचं काम. आधीच्या एका सामन्याला मैदान भरलं आणि फोनवर सिग्नलच्या दांड्या पूर्ण दिसत असून एक फोटो हलेना. मग कंपनीने खांबाखांबावर अँटेनाचे आणखी छोटे डबे बसवले, तेही पूर्ण जोरात. त्यानंतरच्या सामन्याला फोन आणखीच अडकले. रोग बरा, पण औषध नको, अशी गत झाली.

"साहेब, डबे एकमेकांवर ओरडतायत," ती म्हणाली होती. "सगळ्यांचा जोर कमी करू. तोंडं खाली, आपापल्या रांगांकडे. काही तर बंदच करू."

"माणसं वाढली आणि तू आवाज कमी करणार? म्हणजे पंगत वाढली म्हणून वाढपी घरी पाठवायचे!"

"एकदा सकाळी आमच्या घरी या, साहेब. लगेच पटेल."

त्या दिवसापासून ऑफिसात तिचं नाव पडलं हळूबाई. साहेब शेवटी तयार झाले, पण अट घालून. आज फसलं, तर ती परत तक्रार कक्षात. कानाला फोन लावून दिवसभर लोकांच्या शिव्या ऐकायच्या. टिटवी पोटात असताना तिने तिथेच दिवस काढले होते. पोर एवढ्या आवाजाची निघाली ती त्यामुळेच, असं सासूबाईंचं ठाम मत होतं.

रिकाम्या मैदानात तिचा हिशेब चोख बसत होता. पण रिकामं मैदान काय सांगणार? माणसं बसली की त्यांची अंगंच लहरी अडवतात. खरं काय ते माणसं आल्यावरच कळणार होतं.

माणसं आली. डोक्यावरचं काँक्रीट गडगडू लागलं. संगणकाच्या पडद्यावरचे एकेका डब्याचे चौकोन एकेक करून हिरवे झाले आणि हिरवेच राहिले. तिला हायसं वाटतंय तोच पूर्वेचा एक कोपरा पिवळा झाला, मग लाल, मग त्याच्या शेजारचाही.

"बघ! जोर वाढव सगळ्यांचा," साहेब खुर्चीतून उठले.

"थांबा साहेब. कोणीतरी एकच जण ओरडतोय." तिने त्या कोपऱ्यातल्या डब्याची मापं उघडली आणि मान वर केली. "खारूताई, हा पूर्ण जोरावर कसा?"

खारूताई म्हणजे खांबावर सरसर चढणारा, झुपकेदार मिशांचा त्यांचा तंत्रज्ञ. त्याने मिशी चाचपली.

"ताई... तिथे आमची आई बसलीये. म्हटलं, तिला जरा जास्त मिळू दे."

"अरे शहाण्या! तुझ्या आईच्या नादात आजूबाजूच्या आयांचा एक फोटो जात नाहीये, सगळे फोन ह्याच डब्यावर तुटून पडलेत. आणि लाल कोण झालंय बघ. तुझ्याच आईची रांग!"

साहेब रागावायचं विसरून खो खो हसले. खारूताईने जीभ चावली आणि डब्याचा जोर उतरवला. तिघंही पडद्यावर वाकले. लाल हटेना. बाहेर मुलांच्या नाचाची घोषणा झाली. साहेबांचं बोट टेबलावर टकटक करू लागलं. तिने ते नकळत आपल्या हाताखाली दाबून धरलं.

लाल पिवळं झालं. पिवळं हिरवं झालं.

आणि तिचा फोन वाजला.

"दिसतंय का गं?" पडद्यावर आधी सासूबाईंचं नाक, मग आकाश, मग मैदान. हलकासुद्धा अडथळा नाही. लाल रिबीन उड्या मारत होती, एकदा चुकीच्या दिशेला वळली, शेजारणीला धडकली आणि तशीच हसत पुढे नाचली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. साहेबही खांद्यावरून वाकून बघत होते.

"ही तुझी?"

"हो. चुकली ती माझी."

"हळूबाई," साहेब म्हणाले, "पुढच्या मैदानाचं कामही तूच बघ. खारूताईच्या आईला मात्र घरी बसव."

थोड्या वेळाने दार धाडकन उघडलं. टिटवी आत घुसली, गालावरचा रंग घामाने ओघळलेला. मागून धापा टाकत सासूबाई.

"आई! बघितलंस?"

"सगळं बघितलं! ती उडी, तो धक्का, सगळं."

"फोनमध्ये?"

"हो ना! काय स्पष्ट दिसत होतीस!"

टिटवी विचारात पडली. जन्मात पहिल्यांदाच तिचा आवाज हळू झाला.

"वर पायऱ्यांवरही मला कोणाचं तोंडच दिसलं नाही. सगळ्यांच्या तोंडासमोर फोन. मी तर समोरच नाचत होते ना, आई? मग सगळे फोनमध्ये का बघत होते?"

साहेबांनी खारूताईकडे पाहिलं, खारूताईने हळूबाईकडे. तिच्या हातातला फोन अजून गरम होता.