खंडेनवमीचं कुंकू

राजनंदिनी फिजिक्सची एम.एस्सी. झाली, की सगळ्यात मोठा फायदा तिच्या बापाचा, जयसिंगचा होणार होता. पुण्याजवळच्या माणमध्ये त्याच्यासारखे जमीनवाले उदंड. प्रत्येकाची चार मजली इमारत, प्रत्येकाच्या खोल्यांत कंपनीतली पोरं, प्रत्येकाच्या दारात पांढरी गाडी. सगळेच सारखे झाल्यावर कुणी कुणापुढे मिरवायचं? चुलतभाऊ विठ्ठलरावांचा मुलगा इंजिनिअर झाला होता खरा. पण इंजिनिअर जयसिंगच्या भाडेकरूंतच अकरा होते, आणि नळाचं पाणी गेलं की तेही त्यालाच विचारायला खाली यायचे. फिजिक्सची एम.एस्सी. मात्र सबंध भावकीत नव्हती.

म्हणून त्याने मुलीला शब्द दिला होता, तोही बेताचाच. यंदा वेळेत डिग्री मिळाली तर पीएच.डी.ला अहमदाबादला जा. वर्ष हुकलं तर बघायला येणाऱ्या पाहुण्यांना मी अडवणार नाही. राजनंदिनी ‘बरं’ म्हणाली. भावकीशी तिला काही देणंघेणं नव्हतं. तिला अहमदाबाद हवं होतं.

घोडं अडलं होतं प्रोजेक्टवर. पाऊस पडला की हवेतले किरणोत्सारी कण थेंबांबरोबर खाली येतात आणि थोडा वेळ किरणांचा आकडा वाढतो. तो किती वाढतो, हे तिला मोजायचं होतं. कॉलेजातून आणलेली टॉर्चएवढी नळी गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये तोंड वर करून उभी होती. शेजारी पेटी, पेटीला जुना लॅपटॉप. किरण आला की पेटी ‘टिक’ करायची. मोजणी साठ दिवस अखंड हवी, असं गाईड मॅडमनी बजावलं होतं.

“पोरगी गच्चीवर काय मोजतीया म्हनं?” विठ्ठलरावांनी चारचौघांत पारावर विचारलं.

“पावसातली किरणं.”

“मोजू दे. जिमिनी मोजून झाल्या, आभाळच राह्यलं व्हतं.”

लोक हसले. जयसिंगही हसला, पण ते त्याला लागलं. “नवमीला घरी या दादा,” तो म्हणाला, “मशीन दावतो.”

खंडेनवमीला माणमध्ये आता नांगर कुणाकडे पुजायला उरला नाही, पण रीत सुटलेली नाही. जयसिंगने सकाळपासून कोयता, ट्रॅक्टर, गाडी, पाण्याची मोटार, सगळं धुऊन पुसून हळदकुंकू वाहिलं. त्या दिवशी हत्यार विसावा घेतं, त्याला कामाला लावायचं नसतं. मग त्याच्या मनात आलं, घरातलं सगळ्यात मोठं हत्यार तर गच्चीवर आहे. आलेख मॅडमना दाखवायला राजनंदिनी पुण्याला गेली होती. तिने घरात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, नळीला हात लावू नका. पण ‘सगळे’ म्हणजे बायको, भाडेकरू आणि जिने पुसणारी चिमाबाई, अशी जयसिंगची समजूत होती. घरधनी त्यात कसा येईल?

ताट घेऊन तो वर गेला. पेटीला झेंडूची माळ घातली. नळीच्या तोंडाशी गोल, चकचकीत पापुद्रा होता, अगदी कपाळासारखा. तिथेच कुंकू लावायचं, हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही. त्याने अंगठा बुडवला आणि मायेने, जरा दाबूनच टेकवला.

पापुद्रा अभ्रकाचा, कांद्याच्या सालीहून पातळ. आवाज असा झालाच नाही. फक्त टिकटिक थांबली.

जयसिंगने पेटी थोपटली, बटण दाबून पाहिलं. मग माळ काढून घेतली आणि उपरण्याच्या टोकाने कुंकू पुसायला लागला, तसा उरलासुरला पापुद्राही आत गेला. वळून पाहतो तर जिन्याच्या तोंडाशी बादली घेऊन चिमाबाई उभी. तिने त्याच्या अंगठ्याकडे पाहिलं आणि खाली मान घालून पायरी पुसायला लागली. तिच्या घरची मेंढरं जयसिंगच्याच उरलेल्या दोन एकरांत बसायची.

दुपारी विठ्ठलराव आले. “का रं, वाजत न्हाई तुझं मशीन?”

“सणाचं बंद ठिवलंय दादा. हत्याराला विसावा नको का?”

“त्ये बी खरंच,” विठ्ठलराव म्हणाले, आणि चहा पिऊन गेले.

संध्याकाळी राजनंदिनी आली ती थेट वर गेली. बऱ्याच वेळाने खाली उतरली.

“अप्पा, गच्चीवर कोण गेलं होतं?”

जयसिंगने घास तोंडात घेतला. तो गिळेपर्यंत त्याच्या बायकोने, तुळजाबाईंनी उत्तर दिलं, “चिमाबाईबिगर वर कोण जातंय?”

“त्या नळीजवळ झाडूसुद्धा नेत नाहीत, आई.”

“मग काय भुतानं फोडलं? उद्या येऊ दे तिला.”

दुसऱ्या दिवशी, ऐन दसऱ्याला, तुळजाबाईंनी चिमाबाईला दारातच उभं केलं.

“मी न्हाई शिवले, वहिनी.”

“मग कोण शिवलं ते सांग.”

चिमाबाईने एकदा जयसिंगकडे पाहिलं. तो दाराला आंब्याचं तोरण बांधत होता, आणि गाठ काही त्याच्याकडून बसत नव्हती.

“म्हाईत न्हाई,” ती म्हणाली.

“मग उद्यापासनं येऊ नको.”

त्याच दुपारी पाऊस आला, वर्षातला शेवटचा आणि सगळ्यात जोराचा. तासभर पत्रा नुसता बडवून निघाला. राजनंदिनी शेडमध्ये लॅपटॉपपुढे बसून होती. पडद्यावर ओळीने शून्यं उमटत होती.

मॅडमनी त्रेपन्न दिवसांचे आकडे पाहिले. मोठे पाऊस त्यांत दोनच होते. नवी नळी म्हणजे नवा तराजू, त्याची मापं जुन्यात मिसळता येत नाहीत. पुढच्या पावसाळ्यात पहिल्यापासून मोजा, असं त्यांनी सांगितलं. प्रोजेक्ट अपुरा राहिला, वर्ष गेलं.

तिची वही जयसिंगने चोरून उघडली. ‘त्रेपन्नावा दिवस. नळीची खिडकी फुटली. कारण: माझा हलगर्जीपणा.’

“आसं का लिवलंस?” त्याला राहवलं नाही.

“नळीच्या कडेला कुंकू अडकलंय, अप्पा. मॅडमनी भिंगातून पाहिलं.” तिचा आवाज चढला नाही. “मी म्हटलं, मीच लावलं.”

त्याला वाटलं, आता ती काहीतरी मागेल. अहमदाबादचा शब्द एक वर्ष पुढे ढकला म्हणाली असती तर त्याने ढकलला असता. निदान तसं त्याने स्वतःला सांगून ठेवलं होतं.

“चिमाबाईंना परत बोलवा,” एवढंच ती म्हणाली.

“बघू,” जयसिंग म्हणाला. तुळजाबाईंनी दुसरी बाई केव्हाच लावली होती. ते मोडायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

पारावर त्याने सांगितलं, पोरीच्याच हातनं मोडलं. विठ्ठलरावांना खरोखरच वाईट वाटलं. चार दिवसांनी शेजारच्या चांदे गावचं एक स्थळ तेच घेऊन आले, आणि जयसिंगने त्यांना अडवलं नाही. शब्दाला तो पक्का होता. मुलाकडच्यांनी विचारलं, शिक्षण किती? राजनंदिनी काही बोलायच्या आत तो म्हणाला, “बी.एस्सी.”

अंगठा जयसिंगचा होता. त्यापायी राजनंदिनीचं वर्ष गेलं आणि वर्षामागून अहमदाबाद. चिमाबाईचे चार जिने गेले. मेंढरंही तिने आपण होऊन दुसऱ्याच्या रानात नेली. जयसिंगकडे कुणी काही मागितलं नाही, आणि आपणहून द्यायची त्याला सवय नव्हती.