रिंगेची फट

रामराव पाटलांच्या जुन्या फोर्डचं इंजिन १९५४ च्या उन्हाळ्यात वाशीमच्या शालिग्राम मिस्त्रीनं पुन्हा बांधलं. सिलिंडर अकोल्याहून बोअर करून आणले, पिस्टन नवे घातले आणि त्यांच्यावरच्या रिंगा स्वतः बसवल्या. रिंगेची दोन टोकं समोरासमोर येतात तिथं कानशीनं घासून बारीकशी फट ठेवावी लागते. फट जास्त झाली तर तेल जळतं. कमी झाली तर तापल्यावर टोकं भिडतात आणि इंजिन जाम होतं. रिंग सिलिंडरात सरकवून ही फट मिस्त्री ठरलेल्या जाडीची पोलादी पत्ती घालून तपासायचा. त्या पत्तीला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्याला खपत नसे.

गाडी ताब्यात देताना त्यानं ड्रायव्हर धनसिंगला बजावलं, "पाचशे मैल काटा विसाच्या वर नाई. नवं इंजिन म्हंजे नवी वहान हाय बाप्पा. पायाशी जमेपर्यंत चावतेच." एवढ्यावर न थांबता त्यानं अॅक्सिलरेटरखाली लाकडी ठोकळा ठेवून सुतळीनं बांधला, पेडल पुरतं दबूच नये म्हणून.

धनसिंग सहा वर्षं आसेगावच्या या रामराव पाटलांकडे होता. त्याच्या बंजारा तांड्यात मोटार चालवणारा तो एकटा. पहिले एकशे ऐंशी मैल त्यानं सांगितल्याबरहुकूम काढले. बस धूळ उडवत पुढं गेली, माल भरलेले ट्रक पुढं गेले, त्याला काही वाटलं नाही.

वाटलं ते आसेगावला परतताना, चढावर. ठोकळ्यामुळं जोर मिळेना आणि काटा बारावर आला. मागून घुंगरं वाजली. लखीरामची दमणी होती, हलकी छपराची गाडी, तिला शंकरपटाच्या शर्यतीत धावलेली जोडी जुंपलेली. लखीराम धनसिंगच्याच तांड्यातला. दमणीत त्याची भावजय रुपाबाई आणि आणखी एक बाई बसल्या होत्या.

"काय भाऊ, मोटार थकली काय?" लखीराम बरोबरीला येऊन ओरडला. "दोर टाकू का मांगं?"

"नवं इंजिन हाय," धनसिंग म्हणाला.

"नवं हाय म्हनून झोपून चालते काय?"

रुपाबाईनं छपरातून डोकं बाहेर काढलं. "धनसिंगभाऊ, उतरून पायी चाला. लवकर पोचसान!"

दोघी पदर तोंडाला लावून हसल्या. लखीरामनं शेपट्या पिळल्या, दमणी पुढं निघाली आणि बैलांच्या खुरांची धूळ फोर्डच्या काचेवर बसली. मोटारीला बैलगाडीनं मागं टाकलं, हे संध्याकाळी तांड्यात सांगितलं जाणार होतं आणि ते कोण कसं सांगेल हेही धनसिंगला माहीत होतं.

त्यानं टाचेनं ठोकळ्याला लाथ मारली. सुतळी दुसऱ्या लाथेला तुटली.

सपाटीवर त्यानं दमणीला गाठलं, हॉर्न दाबून धरला आणि मागं टाकलं. रुपाबाईचं तोंड उघडंच राहिलेलं त्यानं पाहिलं. तिथंच पाय उचलायला हवा होता. तो उचलला नाही. काटा पन्नासवर गेला आणि तिथंच राहिला. अडीच मैलांवर जळकट वास आला, इंजिन ओढल्यासारखं जड झालं आणि बाभळीखाली गाडी थांबली. हँडल मारून पाहिलं तर जागचं हलेना.

लखीरामची दमणी अलीकडच्या फाट्यावरून तांड्याकडे वळली होती. रस्त्यावर कुणी नव्हतं. धनसिंगनं ठोकळा शोधला, पेडलखाली होता तसा ठेवला आणि तुटक्या सुतळीला गाठ मारून बांधला. मालकाच्या बैलजोडीनं गाडी गावात ओढून आणली.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. इंजिन उघडलं तेव्हा दोन पिस्टन ओरबाडलेले निघाले आणि एक रिंग मोडलेली. मिस्त्रीनं ठोकळा पाहिला, मग धनसिंगकडे पाहिलं.

"काटा कोठवर गेलता?"

"विसाच्या आत."

मिस्त्रीनं मान हलवली.

रामराव बैठकीत चारचौघांसमोर म्हणाले, "डोयानं अधू झालेल्या मानसाले इंजिन देल्लं, चूक माह्यीच हाय." शेजारच्या गावचे मारोतराव तिथं होते. त्यांच्या विहिरीवरचं ऑइल इंजिन त्याच आठवड्यात मिस्त्रीकडे जायचं होतं. ते नुसतं "हं" म्हणाले. मिस्त्री दारात उभा राहून पायातल्या चपलांकडे पाहत होता. धनसिंग त्याच्या मागं पाण्याचा तांब्या धरून उभा होता.

ज्यानं बिघडवलं त्यानंच नीट करावं, म्हणून फोर्डचं इंजिन पुन्हा वाशीमला गेलं. पंधरा दिवसांनी मालकानं धनसिंगला काम कुठवर आलं ते पाहायला पाठवलं. शालिग्राम दुकानाच्या उंबऱ्यावर उजेडात बसला होता. समोर सिलिंडर, त्यात रिंग बसवलेली, हातात पत्ती. फटीत पत्ती घालून पाहायचा, डोळे चोळायचा, पुन्हा घालायचा.

"बरा आला," तो म्हणाला. "पाह्य बरं गड्या, ही पत्ती जाते का फटीत? मले जाते असं वाटते, पन मांगंबी तसंच वाटलं होतं."

त्यानं पत्ती धनसिंगच्या हातात दिली.

धनसिंगनं ती फटीत घातली. ती अलगद गेली, अडकली नाही, हललीही नाही.

"जाते."

"नक्की?"

"नक्की, मिस्तरी."

"तीस वर्षं कोनाले इचारलं नाई," मिस्त्री म्हणाला. "मारोतराव तरीबी इंजिन देऊन राह्यले होते, भला मानूस. म्याच नाई म्हनलं. दुसऱ्याले दाखवा म्हनलं. एकाचं मोडलं, आता कायले दुसऱ्याचं मोडू?"

पत्ती अजून धनसिंगच्या बोटांत होती. ती परत द्यायला त्यानं हात पुढं केला आणि तो हात तसाच राहिला.

"फट बराबर होती, मिस्तरी. म्या गाडी पयवली."

मिस्त्री रागावला नाही. त्यानं एकेक गोष्ट विचारून घेतली. काटा? पन्नास. किती मैल? अडीच. ऊन? दोनचं. प्रत्येक उत्तराला त्याची पाठ थोडी ताठ होत गेली. शेवटी त्यानं रिंग काढून उजेडात धरली, फटीतून आरपार पाहिलं आणि स्वतःशीच म्हणाला, "म्हंजे बराबर होती."

मग तो धनसिंगकडे वळला.

"पयवली ते समजलं. बैल पुढं गेला का कोनाचंबी रगत उसयते. पन ठोकया परत बांधला तवा तुह्ये हात कसे चालले रे?"

गाठ पहिल्याच फेऱ्यात बसली होती, हे धनसिंगला स्वच्छ आठवत होतं.

"आन ती पत्ती इकडं," मिस्त्री म्हणाला. "अन् जाय. मालकाले तूच सांग."

त्या संध्याकाळी बैठकीत धनसिंगनं सांगायला सुरुवात केली. दमणीपर्यंत आला तोच रामराव पुढं सरकले. "कोनाची जोडी? लखीरामची? ते ढवळे-पवळे? मंग? गाठलं का?"

"गाठलं, मालक."

"कितीनं?"

"लय मांगं पडले."

रामरावांनी मांडीवर थाप मारली. बैठक हसली. कुणी म्हणालं, आता पटात मोटारच उतरवा पाटील. हसणं पसरत गेलं आणि धनसिंगला दिसलं की सगळं इथंच मिटणार आहे. कुणी त्याला काही बोलणार नव्हतं. तोही ओठांतल्या ओठांत हसला होता, हे त्याला हसून झाल्यावर कळलं.

"मालक," तो म्हणाला, "म्या खोटं बोललो. ठोकया काढला, मंग परत बांधला. मिस्तरीचं काम चोख होतं. तुमी त्याले चारचौघांत बोलले. आता चारचौघांत मांगं घ्या."

हसणं थांबलं. एकजण अडकित्त्यात सुपारी धरून तसाच बसला.

"तू मले शिकवून राह्यला?" रामराव म्हणाले.

"नाई, मालक."

मग रामरावांनी हात पुढं केला. "किल्ली." धनसिंगनं ती ठेवली. त्यांनी कागद मागवला, चार ओळी लिहिल्या आणि घडी घातली. "ही मारोतरावले देजो. पायी जाय. आन त्या गाडीले आता हात लावू नोको."

सकाळी धनसिंग मारोतरावांच्या विहिरीवर पोचला. मारोतरावांनी चिठ्ठी वाचली. दोष मिस्त्रीचा नव्हता, एवढंच तिच्यात होतं, आणि बाकीचं हाच सांगेल, असं.

"सांग," ते म्हणाले.

मोटेवरची माणसं काम थांबवून ऐकू लागली. धनसिंगनं सांगितलं. या वेळी शर्यत दोन वाक्यांत आटोपली. कुणी हसलं नाही.

"बंडी जुंपा रे," मारोतराव गड्यांना म्हणाले. "इंजिन वाशीमले न्या. शालिग्रामले म्हना, म्या पाठवलं. नाई म्हनला तरी उतरवूनच या."

चौघांनी इंजिनाखाली लाकडी बल्ल्या घातल्या. पाचवा हात लागला असता तर बरं, म्हणून धनसिंगनं धोतर खोचलं आणि खांदा द्यायला वाकला.

"तू राहू दे," मारोतराव म्हणाले. आवाज चढलेला नव्हता.

तो बाजूला झाला. इंजिन बंडीवर चढलं, दोर आवळले गेले, बैल निघाले. तांड्याकडे परतायला त्यालाही त्याच रस्त्यानं जायचं होतं. बंडी वळणाआड जाईपर्यंत तो विहिरीच्या काठावर थांबून राहिला, तिच्या मागं चालताना गड्यांना दिसू नये म्हणून.