बंपरची आतली बाजू

एकोणीस वर्षं बादल्यांच्या कारखान्यात काढलेल्या माणसाला प्लास्टिकमधलं सगळं कळतं, असा त्याचा प्रामाणिक समज होता. कारखाना बंद पडला आणि त्याने गाड्यांचे फुटके बंपर जोडून देण्याचं दुकान टाकलं. दुकान म्हणजे एक शटर, एक टेबल, गरम हवेची गन आणि वितळवून भेगेत भरायच्या प्लास्टिकच्या काड्या. पाटी बायकोने हौसेने रंगवून घेतली. पहिला आठवडा तो पाटीखाली माश्या मारत बसला.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते घरचंच. बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे त्याचे साडूभाऊ. साडूभाऊंनी तीस वर्षं बस चालवली होती आणि या तीस वर्षांत गाडीला साधा ओरखडा आला नाही, हे ते भेटेल त्याला ऐकवत; न भेटणाऱ्याला फोन करून ऐकवत. त्यांच्या उभ्या मोटारीला कोणीतरी मागे घेताना धडक दिली होती. म्हणजे यातही त्यांची चूक नव्हती, हे त्यांनी दुकानात शिरता शिरताच स्पष्ट केलं.

आता बंपरच्या आतल्या बाजूला ते कुठल्या जातीच्या प्लास्टिकचं आहे, ते बारीक अक्षरांत उमटवलेलं असतं. काडी त्याच जातीची लागते. दुसऱ्या जातीची वापरली तर जोड वरून दिसतो झकास, पण आतून धरत नाही. तीन दिवसांच्या शिकवणीत त्याला हे पहिल्याच तासाला सांगितलं होतं. पण ती अक्षरं वाचायला चष्मा लागला असता, आणि साडूभाऊ स्टूल ओढून समोर बसले होते. वैद्याने पुस्तक उघडून नाडी बघावी, तसं त्याला ते वाटलं. त्याने बंपरवर बोटाच्या पेराने टकटक केलं, नखाने खरवडलं आणि ऐटीत सांगितलं, हे आपल्या बादलीचंच.

साडूभाऊंनी मान डोलावली. संध्याकाळी रंग वाळला तेव्हा भेग कुठे होती, हे त्याचं त्यालाही सापडेना. साडूभाऊंनी पाठ थोपटली. बायकोने चार घरी फोन केले. त्याची छाती अशी फुगली की शर्टाला कळलं असेल.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकांना दाखवायला नमुना करावा म्हणून त्याने त्याच बंपरचा धडकेत तुटून निघालेला, दुकानात राहिलेला तुकडा मधोमध कापला आणि त्याच काडीने जोडला. गार झाल्यावर सहज वाकवून पाहिला. टक्कन दोन तुकडे हातात आले. काडी पापडासारखी सुटून खाली पडली होती. मग त्याने चष्मा लावला. तुकड्याच्या मागे अक्षरं होती, आणि ती बादलीची नव्हती.

फोन उचलायचा आणि सांगायचं, एवढंच करायचं होतं. त्याने फोन उचलला, पुसला आणि ठेवून दिला. तिसऱ्या दिवशीही तेच. आपण एवढे मोठे, आणि साधा एक फोन करता येत नाही, याची लाज वाटायची. आणि लाज वाटतेय म्हणून आणखी एक दिवस जायचा.

चौथ्या दिवशी बायको हसत हसतच घरात आली. भावजींनी त्याच संध्याकाळी गाडी ठोकली म्हणे. फाटकाच्या खांबावर. तुम्ही इतका सुंदर जोडून दिलेला बंपर, त्याचा सत्यानाश केला. ताईने किल्ली काढून घेतलीय, आणि पोरं त्यांना ‘खांबवाले आजोबा’ म्हणताहेत.

तो ताटावरून उठला. साडूभाऊ आणि खांब? त्याने ठरवलं, आता जायचं आणि सगळ्यांच्या देखत सांगायचं. दुकानाचं नाव बुडालं तर बुडालं.

तो पोचला तेव्हा साडूभाऊ इमारतीखाली गाडीपाशीच होते. बंपर तारेने बांधला होता. त्याने खाली बसून पाहिलं. जोड जिथल्या तिथे उकलला होता, आणि आजूबाजूला खांबाचा एक चरासुद्धा नव्हता.

“तुझ्या दुकानातून निघालो आणि पहिल्याच गतिरोधकावर सुटला,” साडूभाऊ हळूच म्हणाले.

“मग खांबाचं कशाला सांगितलंत, भावजी?”

“तुझं पहिलंच काम. ते फसलं असं आपल्याच घरातून बाहेर गेलं, तर दुसरं कोण देईल? मला काय, हसतील चार दिवस.”

“मी वर जाऊन सांगतो.”

“सांग की. नको सांगू असं कुठे म्हणतोय मी?” असं म्हणून ते तार घट्ट करू लागले.

तेवढ्यात ताई चहा घेऊन खाली आल्या. मागोमाग दोन्ही नातवंडं, आणि समोरच्या घरातल्या डॉक्टरीणबाई. डॉक्टरीणबाईंच्या गाडीच्या दिव्याचं प्लास्टिकही तडकलं होतं, आणि त्या खास याला भेटायला आल्या होत्या. ताईंनी त्याच्या हातात कप दिला आणि म्हणाल्या, “बघा, तुम्ही इतकं जीव ओतून केलंत आणि या माणसाने काय करून ठेवलं. आता तुम्हीच सांगा यांना काहीतरी.”

सगळे त्याच्याकडे पाहत होते. त्याने बोलायला तोंड उघडलं. वाक्य तयार होतं. वाटेत दहादा म्हणून पाहिलं होतं. डॉक्टरीणबाई हसून त्याच्या उत्तराची वाट बघत होत्या.

“भावजी,” तो म्हणाला, “आता वय झालं. गाडी जरा बघून चालवत जा.”

पोरं खिदळली. ताई पदर तोंडाला लावून हसल्या. स्वतःच्या तोंडून काय निघून गेलं ते त्याच्या कानांनी ऐकलं, आणि कानशिलं पेटली. साडूभाऊंनी क्षणभरच त्याच्याकडे पाहिलं. मग तार खाली ठेवली, दोन्ही हातांनी आपले कान धरले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “चुकलं बाबा.”