गबाळीबाईचे हात

चर्चच्या तळघरातले दिवे मालवले तेव्हा व्हर्ना पहिल्याच रांगेत बसली होती, ठेवणीतला निळा झगा घालून. आज आपण पडद्यावर दिसणार म्हणून सकाळपासून तिचे पाय जमिनीवर नव्हते. नवरा मिलफर्ड फ्रिजच्या दुकानात विक्रेता. वसंतात कंपनीची माणसं कॅमेरा घेऊन तिच्याच स्वयंपाकघरात उतरली होती आणि ती त्यांच्यासाठी मरमर राबली होती. बोलायचं काही नव्हतं, नुसतं वावरायचं. असल्या फिल्मा मुक्याच काढतात, आवाज मागाहून शहरात चढवतात. एकदा त्यांनी तिला केस विस्कटायला लावले, ओट्यावर पसारा मांडायला लावला. कामाची घाई दाखवायची असेल, असं त्या भोळीला वाटलं.

फिल्म सुरू झाली आणि एका पुरुषाचा मधाळ आवाज बोलू लागला, "ही पाहा गबाळीबाई! हिच्याकडे दूध नासतं, केक करपतो आणि बिचारा नवरा उपाशी झोपतो."

हशा पिकला. अख्खं कॅन्सस राज्य हसतंय असं व्हर्नाला वाटलं. मग अवतरली टापटीपबाई. ही मिलफर्डची बहीण आयडेल, गळ्यात मोत्यांची माळ, शेजारी नवाकोरा फ्रिज. उभ्या जन्मात हिनं अंडं उकडलं नव्हतं, आणि आवाज तिचे गोडवे गात होता.

दिवे लागले. चर्चच्या महिला मंडळाच्या एकब्लाडबाई लगबगीनं आल्या.

"व्हर्ना, किल्ली देतेस का? शनिवारचं सुगीचं जेवण आयडेल बघेल. बाहेरगावचे लोक येतात गं, फिल्म सगळीकडे दाखवणार आहेत. उगाच चर्चा नको."

चर्चच्या स्वयंपाकघराची किल्ली सासूनं मरताना व्हर्नाच्या हातात दिली होती. या गावात तिला मान होता तो तेवढ्या किल्लीचा. तिनं मिलफर्डकडे पाहिलं.

"तुला ठाऊक होतं?"

"अगं, कुणीतरी गबाळं लागतंच ना! आयडेलचा चेहरा खुलतो कॅमेऱ्यात. आता तोंड वाकडं करू नकोस, कंपनीचे साहेब बसलेत."

व्हर्नाच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं किल्ली एकब्लाडबाईंच्या हातावर आपटली आणि सरळ प्रोजेक्टरपाशी गेली. तो पाद्री चालवत होते.

"पुन्हा लावा. आवाज बंद करून."

तिचा अवतार पाहून पाद्रींनी मुकाट्यानं फिल्म गुंडाळून पुन्हा चढवली. व्हर्ना पडद्याशेजारी उभी राहिली.

"हे माझं घर. दूध मी सांडलं, कारण त्या कोपऱ्यातल्या साहेबांनी सांडायला सांगितलं. केकसुद्धा त्यांच्यासमोर मुद्दाम करपवला."

पडद्यावर आयडेल आली.

"खिडकीचे पडदे बदललेत, स्वयंपाकघर माझंच आहे. फ्रिज नुसता डबा, आत यंत्रच नाही. वायर बघा, जमिनीवर लोळतेय. त्यातलं आइस्क्रीम म्हणजे कुस्करलेले बटाटे. दिव्यांच्या उष्णतेनं खरं वितळतं ना! मीच कुस्करले."

आता पडदाभर दोन हात दिसत होते, ओव्हनमधून सोनेरी केक काढणारे.

"आणि हा टापटीपबाईचा केक. डाव्या अंगठ्यावर भाजल्याचा डाग दिसतोय?" तिनं आपला अंगठा सगळ्यांसमोर धरला. "आयडेल, तुझाही दाखव की जरा."

आयडेलनं हात पर्सखाली दडवले. पुन्हा हशा उसळला, पण या वेळी लोक आयडेलकडे बघून हसत होते. कंपनीच्या साहेबांनी टोपी चढवली आणि कुणाचा निरोप न घेता ते निघून गेले.

"माझी नोकरी घालवलीस, कैदाशिणी!" मिलफर्ड किंचाळला.

"मी पडले गबाळी. माझ्या हातून सांडायचंच."

एकब्लाडबाई किल्ली पुढे करत आल्या. त्यांचा चेहरा पडला होता. "चुकलंच आमचं. घे बाई. शनिवारी सारा गाव जेवायला येणार."

व्हर्नानं किल्लीकडे पाहिलं. मंडळाच्या अकरा बायकांसमोर ती मागून घेतली होती, आणि त्यातली एकही तेव्हा 'थांबा' म्हणाली नव्हती. तिनं कोटाची बटणं लावली.

"टापटीपबाई आहे ना तुमची," ती म्हणाली, "तिला फक्त हात शोधून द्या."