विदेशी वाद्यांचा जंगी मुकाबला

चातुर्मासात लग्नं नसतात, पितृपक्षात तर बारसंही नसतं, त्यामुळे लाखनीच्या हायवेवरचं भय्याजींचं लॉन पंधरा दिवस रिकामं पडतं. रिकामं लॉन पाहिलं की भय्याजींचं पोट बिघडतं. अशातच पुण्याहून पुतणीचा फोन आला.

पुतणी म्हणजे गुंजन. पुण्यातल्या एका चौकडीत ती व्हायोला वाजवायची. दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. गाणारं कोणी नाही, तबला नाही, चौघंही खुर्चीवर बसून गज ओढणार. व्हायोला ही व्हायोलिनची थोरली बहीण. पाहुणे हिला पाहायला येतात आणि धाकटीला पसंत करून जातात. चौकडी होती प्रविणची. पहिलं व्हायोलिन तो वाजवायचा, काय वाजवायचं ते तोच ठरवायचा आणि कसं झालं तेही तोच सांगायचा. लहान गावांत कार्यक्रम करायला एका संस्थेनं त्यांना प्रवासखर्च दिला होता, आणि एका गावानं ऐनवेळी हात वर केले होते.

"काका, तुमचं लॉन मिळेल का?" गुंजननं विचारलं.

"लॉनचं का घेऊन बसली? अख्खी लाखनी आणून बसवतो," भय्याजी म्हणाले.

लाखनीत शिरता शिरता बॅनर दिसला आणि प्रविणनं गाडी थांबवायला लावली. बॅनरवर भय्याजी पुरुषभर उंच, हात जोडून. चौकडी खाली कोपऱ्यात, त्यातही चेलोवाला योगेंद्र अर्धाच मावलेला. वर लाल अक्षरांत: 'विदेशी वाद्यांचा जंगी मुकाबला'.

"मुकाबला? कुणाचा कुणाशी?" लॉनवर पोचताच प्रविणनं विचारलं.

"कव्वालीचा रायते ना, तसाच. साहेब, नुसतं वाजवणार म्हटलं तं कुत्रं येत नाही. कोणतरी जिंकलं पाह्यजे, कोणतरी हरलं पाह्यजे."

"आम्ही एकमेकांशी लढत नाही हो," प्रविण म्हणाला. दुसरं व्हायोलिन वाजवणारी रिता त्यावर उगाचच खोकली.

संध्याकाळी चौघं काळे कपडे घालून बाहेर आली. गुंजनची आई सत्यभामाबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी लेकीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"पितरांच्या दिवसांत काळे कपडे? कोणाची तेरवी हाय का वं?"

"आई, हा आमचा ड्रेस आहे."

"मंग मी का धोतर म्हणून राहिली का?"

लॉनमधला हॉल गच्च भरला होता. मुकाबला म्हटल्यावर लोक धानाच्या बांधीतून सरळ उठून आले होते. कार्यक्रमानंतर जेवण आहे, हेही भय्याजींनी गावोगाव पोचवलं होतंच.

पहिली रचना अडीचशे वर्षांपूर्वीच्या एका ऑस्ट्रियन साहेबाची. तिचे चार भाग. पहिला भाग संपून प्रविणनं गज खाली घेतला, तोच भय्याजी माइक घेऊन मंचावर चढले आणि त्यांनी तहसील कचेरीतल्या एका साहेबांना शाल-श्रीफळ दिलं. दुसरा भाग संपला, तेव्हा व्यापारी संघाचा नंबर लागला. तिसऱ्या भागानंतर प्रविणनं गज खाली घेतलाच नाही. श्वासही न घेता त्यानं चौथा भाग सुरू केला आणि सत्काराला निघालेले एक गुरुजी मंचाच्या पायरीवर नारळ बघत उभे राहिले.

तोवर श्रोत्यांनी मुकाबल्याचे नियम आपापसांत ठरवून घेतले होते. तलावात मासे धरणारा मनिराम मधल्या रांगेत बसला होता. या काठावरून त्या काठावर हाक मारायची सवय असल्यामुळे त्याला हळू बोलता येत नसे.

"पाह्य, थो डावीकडचा सवाल टाकते. त्याच्या बाजूची बाई जवाब देते. थो मोठा डब्बावाला पंच हाय."

मग पुन्हा मनिराम:

"आपली गुंजन काहून चूप हाय?"

गुंजन गप्प नव्हती. ऑस्ट्रियन साहेबानं तिला जे दोन सूर दिले होते ते ती भातगिरणीच्या पट्ट्यासारखे इमानदारीत फिरवत होती. पण सवाल पडत होते डावीकडे, आणि जवाबही तिकडेच.

"अरे, चान्स दे ना पोरीले!" मनिराम ओरडला. मागून चार जणांनी टाळ्या वाजवल्या. प्रविणच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

मध्यंतरात चौघं नवरीच्या खोलीत जाऊन बसली. आरशावर आधीच्या नवरीमुलींच्या टिकल्या चिकटलेल्या होत्या.

"गुंजन, यांना सांग," प्रविण म्हणाला, "आता माझी रचना आहे. पूर्ण शांतता हवी."

"सांगते. पण लाखनीत शांतता अजून कोणाला मिळाली नाही."

"आणि मुक्त भागात नेहमीसारखं दोनदा खरवड आणि थांब. लोक ओरडतात म्हणून नसते उद्योग नकोत."

प्रविणच्या रचनेत मधोमध एक मुक्त भाग होता. त्यात प्रत्येकानं मनाला येईल ते वाजवायचं, असं कागदावर लिहिलेलं होतं. कोणाच्या मनाला किती यावं, ते प्रविण तालमीत सांगायचा. गुंजननं मान हलवली. दुपारपासून तिला आपल्या माणसांची लाज वाटत होती. आता आरशातल्या टिकल्यांकडे पाहताना तिला जाणवलं, की लाज कमी झालीय आणि राग वाढलाय. मनिरामला या संगीतातलं काडीचं कळलं नव्हतं. चान्स कोणाला मिळत नाही एवढं मात्र त्याला दिसलं होतं, आणि ते त्यानं मोठ्यानं म्हटलं होतं. तिनं तर इतक्या दिवसांत हळूही म्हटलं नव्हतं.

भय्याजींनी माइकवर रचनेचं नाव वाचलं. "विच्छेद... क्रमांक तीन." ते अडखळले. मग लोकांच्या सोयीसाठी म्हणाले, "म्हणजे पोस्टमार्टम."

"कोणाचं?" मागून आवाज आला.

रचना सुरू झाली. गज तारेवर किरकिरला, थांबला, पुन्हा किरकिरला. योगेंद्रनं चेलोच्या पोटावर बोटांनी टकटक केलं. मग लांबलचक शांतता आली, आणि त्या शांततेत सत्यभामाबाईंचा आवाज अख्ख्या हॉलला ऐकू गेला: "बिघडलं का जी?"

हॉल हसला. प्रविणनं डोळे मिटून घेतले.

मुक्त भाग आला. गुंजननं दोनदा खरवडलं आणि थांबली. प्रविणनं वरच्या सुरांत एक भरजरी तान फेकली.

"झालं? एवढंच?" मनिराम खरंच दुखावला होता.

गुंजननं गज उचलला. प्रविणची ती तान तिनं जशीच्या तशी घेतली, फक्त खालच्या पट्टीत आणि नाकात. चुका सांगण्याआधी तो घसा खाकरायचा, ते खाकरणंही तिनं तारेवर काढलं. लोकांना स्वर कळत नव्हते, नक्कल मात्र बरोबर कळत होती. ती कोणाची चालली आहे हेही कळलं, कारण प्रविणनं डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं.

"हाण!" कोणीतरी म्हणालं.

प्रविणनं दुप्पट वेगानं जवाब दिला. गुंजननं तोच निम्म्या वेगानं, म्हाताऱ्या बैलासारखा ओढून दाखवला. रितानं ओठ चावला. योगेंद्रचे खांदे हलत होते. प्रविण चिडला, आणि चिडल्यावर तो फार सुंदर वाजवतो हे गुंजनला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. तो वर वर चढत गेला. ती खालच्या तारेवर एकच सूर धरून बसली, हलेचना. शेवटी वर जायला जागा उरली नाही तेव्हा तो पायरी पायरीनं खाली उतरला आणि तिच्याच सुरावर येऊन थांबला. दोघंही दमली होती. हॉलमध्ये कोणी बोलत नव्हतं. मग योगेंद्रला आठवलं, की रचनेची अजून दोन पानं शिल्लक आहेत.

संपल्यावर टाळ्या झाल्या, शिट्ट्या झाल्या, आणि लगेच मागणी सुरू झाली: "निकाल! निकाल!"

भय्याजींनी 'प्रथम क्रमांक' लिहिलेली शील्ड आधीच करून ठेवली होती. आता मात्र ते घामाघूम झाले. पुतणीला द्यावी तर घरातल्या घरात वाटलं म्हणतील, पाहुण्याला द्यावी तर लोक खुर्च्या मोडणार, आणि खुर्च्या भय्याजींच्याच होत्या. त्यांनी माइक वहिनींच्या हातात दिला. सत्यभामाबाई उठल्या, पदर सारखा केला.

"मले थो डब्बावाला आवडला. बाकीचे भांडून राहिले होते, थो बिचारा गुमान आपलं काम करून राहिला होता."

शील्ड योगेंद्रला मिळाली. मनिरामनं जाहीर निषेध केला.

"माझी सख्खी आई!" गुंजन पंगतीत म्हणाली.

"सख्खी हाय म्हणून तं खरं बोलली. पाटोडी घे."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी नागपूरकडे निघाली. प्रविण पुढच्या सीटवर बसून बाहेरचा धान पाहत होता.

"तू माझी नक्कल केलीस," तो वळून न पाहता म्हणाला.

"हो."

"मी खरंच असा वाजवतो? नाकात?"

"हो," रिता आणि योगेंद्र एकदम म्हणाले.

भंडारा मागे पडलं. मग प्रविण म्हणाला, "पुण्याच्या कार्यक्रमात तो मुक्त भाग..."

"मी मला हवं तितकं वाजवणार," गुंजन म्हणाली. "नाहीतर व्हायोलासाठी दुसरं कोणी बघ."

थोड्या वेळानं प्रविणनं एका टपरीपाशी गाडी थांबवायला सांगितली, चार चहा मागवले आणि एरवी स्वतः घ्यायचा तो पहिला ग्लास तिच्या हातात दिला. चहा पाकासारखा गोड होता. गुंजन तो सगळा प्यायली.